दहावा फर्मा

आंबेसावळीच्या सार्वजनिक वाचनालयात तपासपेटी आली, तेव्हा अध्यक्षांनी तिच्यापुढे नारळ फोडला आणि नारळाचं पाणी थेट पेटीवर शिंपडायला निघाले. स्नेहल धुमाळनं त्यांचा हात वरच्या वर धरला. "अध्यक्ष, आत वीज आहे," ती म्हणाली. मग पाणी उंबऱ्यावर शिंपडलं, पेढे वाटले, फोटो काढले, आणि पेटी चालवायची कशी हे स्नेहलच्या गळ्यात टाकून मंडळी आपापल्या घरी गेली. त्यात नवं काही नव्हतं. ती ग्रंथपाल होती, लेखनिक होती, आणि शिपाई रजेवर गेला की झाडूही तिच्याच हाती असे.

हे २०४१ साल. राज्यातली साडेनऊ हजार वाचनालयं तोवर 'सहग्रंथ' नावाच्या एकाच व्यवस्थेत आली होती. वाचकाचं कार्ड एक, पुस्तकांची यादी एक, जुनी रजिस्टरंसुद्धा स्कॅन करून एकाच ठिकाणी ठेवलेली. आंबेसावळीच्या वाचकानं मागितलेलं पुस्तक चार जिल्हे ओलांडून तिसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलातून येई. सुरुवातीला अध्यक्षांना हे काही रुचलं नव्हतं. आपली पुस्तकं लोकांनी का न्यावीत, असं त्यांचं म्हणणं. लोकांची पुस्तकं आपल्याकडं येऊ लागली तेव्हा ते म्हणणं आपोआप मिटलं.

तपासपेटी हा सहग्रंथाचा शेवटचा टप्पा होता. परत आलेलं पुस्तक तिच्यात ठेवायचं आणि झाकण लावायचं. पुस्तक न उघडता पेटी त्याचं पान न् पान तपासून कुठं फाटलंय, कुठं वाळवी लागलीय, काय गहाळ आहे ते सांगे. यात जादू काही नव्हती. पुस्तक कितीही घट्ट मिटलं तरी दोन पानांच्या मध्ये हवेचा एक बारीक थर राहतोच. रेडिओच्या लहरी आणि उष्णतेच्या लहरी यांच्या मधल्या पट्ट्यात काही लहरी असतात, त्या कागदातून पार जातात, पण अशा प्रत्येक हवेच्या थरापाशी त्यांतला थोडा भाग माघारी फिरतो. पहिल्या पानावरून आलेला भाग आधी पोचतो, शंभराव्या पानावरून आलेला नंतर. तो उशीर मोजला की कुठलं पान ते कळतं, आणि कोऱ्या कागदावरून व शाईवरून येणाऱ्या लहरींत फरक असल्यानं पानावर काय छापलंय तेही कळतं.

अडचण एकच होती. जाड पुस्तकाच्या मध्यापर्यंत पोचताना लहरी थकत आणि आतली पानं धूसर दिसत. यावर सहग्रंथानं तोडगा काढला तो आपल्या लोकांनी काढावा असाच होता, म्हणजे वाटून खायचा. त्याच आवृत्तीच्या ज्या प्रती बाकी गावांत असतील, त्यांच्या पेट्यांनी टिपलेलं सगळं एकावर एक ठेवायचं. एकीला जे धूसर दिसलं ते दुसरीला थोडं स्पष्ट दिसलेलं असे. चाळीस गावं मिळून एक पुस्तक वाचायची, आणि मग कुठल्या गावच्या प्रतीत काय वेगळं आहे ते आपोआप उघडं पडायचं.

माघातल्या एका सकाळी पडद्यावर एक निरोप आला.

"एकूण प्रती ४१. पैकी ६ प्रतींत पाने १४५ ते १६० नाहीत. सहाही प्रतींत पाने कापल्याच्या खुणा नाहीत. शिवणीत दहावा फर्मा आढळत नाही. निष्कर्ष : बांधणीतील मूळ दोष."

सहा प्रतींच्या यादीत तिसरी प्रत आंबेसावळीची होती. पाटबंधाऱ्यांवरचं एक जाड निळं पुस्तक. स्नेहलनं ते कपाटातून काढायची गरज नव्हती. त्याचा दाखल क्रमांक तिला गेली सोळा वर्षं तोंडपाठ होता.

छापखान्यात पुस्तक पानापानानं बांधत नाहीत. मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात, त्याच्या घड्या घालतात, त्याला म्हणतात फर्मा. असे फर्मे ओळीनं रचून शिवले की पुस्तक होतं. रचताना एखादा फर्मा हातातून निसटला, तर पुस्तक जन्मालाच सोळा पानांनी कमी येतं. कुणी पान कापलं तर शिवणीत त्याचं थोटूक राहतं. इथं थोटूकही नव्हतं आणि दोऱ्याचं भोकही नव्हतं. पुस्तक वाचनालयात आल्यावर बाइंडरनं पाठीला सरस थापून जाड पुठ्ठा चढवला होता, म्हणून डोळ्यांना हे कधी दिसलंच नाही.

दुपारी फोन आला. पिंपळढवच्या वाचनालयातल्या सुरैया शेख. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, पण पुस्तकांच्या देवघेवीत आवाजाची ओळख झाली होती.

"स्नेहलताई, सहा प्रतींची यादी पाहिलीत? आमची पण आहे त्यात."

"पाहिली."

"आमच्याकडं एका मास्तरांचं सभासदत्व रद्द केलं होतं या पुस्तकापायी. पानं चोरली म्हणून. बिचारे शेवटपर्यंत सांगत राहिले. चार वर्षं झाली, वारले. आता दोषमुक्तीचं पत्र काढा म्हणते सहग्रंथाची समिती. मी कुणाला पाठवू? तुमच्याकडं कुणावर आळ आला होता का?"

"आला होता," स्नेहल म्हणाली.

"हयात आहेत?"

"आहे."

"मग नशीबवान आहात तुम्ही," सुरैया म्हणाल्या.

सोळा वर्षांपूर्वी स्नेहल सव्वीस वर्षांची होती आणि याच वाचनालयात हंगामी सहायक होती. ग्रंथपाल होते नाडगौडा सर. वडील, म्हणजे आप्पा, कार्यकारिणीवर होते. धाकटा भाऊ तुषार स्पर्धा परीक्षेला बसत होता आणि वाचनालयाच्या अभ्यासिकेत त्याची खुर्ची ठरलेली होती. वार्षिक तपासणी आठ दिवसांवर आली असताना निळ्या पुस्तकातली सोळा पानं गायब असल्याचं लक्षात आलं. पुस्तक शेवटचं तुषारनं नेलं होतं. नाडगौडा सरांनी स्नेहलला बाजूला बोलावून विचारलं, तुला काही ठाऊक आहे का. त्याच सकाळी तिनं तुषारच्या कॉटवर ब्लेड पाहिलं होतं आणि कागदाचे कपटेही. ती वर्तमानपत्राची कात्रणं होती, हे तिला ठाऊक होतं असं म्हटलं तरी चालेल आणि नव्हतं असं म्हटलं तरी चालेल. तिनं तेव्हा विचारच केला नाही. तपासणीत वाचनालयाचा दर्जा घसरला तर पहिली कुऱ्हाड हंगामी माणसावर पडते, एवढं मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. ती म्हणाली, "त्यानंच कापली असतील सर. घरी ब्लेड आहे."

पुढचं सगळं तासाभरात झालं. आप्पांना निरोप गेला. ते आले आणि भरल्या अभ्यासिकेत त्यांनी तुषारच्या कानाखाली वाजवली. त्याचं नाव फळ्यावर लागलं. तिसऱ्या दिवशी तुषार घर सोडून गेला. परीक्षेला तो कधी बसलाच नाही. बार्शीत एका मिस्त्रीच्या हाताखाली विजेच्या मोटारींना तार भरायला शिकला आणि पुढं स्वतःचं दुकान टाकलं. आप्पा गेले तेव्हा तो आला, पण स्मशानातूनच परत गेला. घराची पायरी चढला नाही.

नातं ठेवलं ते एकट्या स्नेहलशी. दर भाऊबीजेला सकाळी सातला त्याचा फोन यायचा. मधल्या काळातही काही ना काही निमित्तानं बोलायचा. "ताई, त्या दिवशी सगळ्या वाचनालयात रडत होतीस ती तू एकटीच," असं तो एकदा म्हणाला होता. त्या वाक्यानंतर तिला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. आपण का रडत होतो ते मात्र तिनं सांगितलं नाही. आज सांगू, पुढच्या खेपेला सांगू, असं करता करता सोळा वर्षं निघून गेली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई शेंगा फोडत बसली होती.

"नाडगौड्याची बायको दिसली आज बाजारात," आई म्हणाली. "बोलायला आली माझ्याशी. म्या तोंड फिरवलं. माझ्या लेकराचा तळतळाट घेऊन गेला तो नाडगौडा. चुगली करणाऱ्याचं कधी भलं होतंय व्हय."

आईचं हे नेहमीचं होतं. तुषारचं नाव नाडगौडा सरांनीच पुढे केलं, असं तिनं धरूनच चाललं होतं. सरांनी तो समज कधी खोडला नाही. निवृत्त झाल्यावर ते धुमाळांच्या गल्लीतून जाणंच टाळत. मरायच्या आधी स्नेहल त्यांना भेटायला गेली होती. ते एवढंच म्हणाले होते, "कोण काय वाचतं आणि कोण काय सांगतं, ते ग्रंथपालानं पोटात ठेवायचं असतं. मी ठेवलंय." स्नेहलला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. याचीच तिला नंतर सगळ्यात जास्त शरम वाटायची.

"आई, समजा सरांनी सांगितलंच नसंल तर?" तिनं विचारलं.

"मग कुणी सांगितलं?" आईनं शेंगांवरची नजर वर उचलली. "नाव सांग. त्याला माझ्या दारात उभं करनार न्हाई."

स्नेहल उठली. चहा टाकायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सहग्रंथानं पत्राचा मसुदाच पाठवला. राज्यभरात अशी एकोणीसशे प्रकरणं निघाली होती, आणि ज्यांच्यावर आळ आला त्यांची वाचनालयानं लेखी क्षमा मागावी, असं समितीनं ठरवलं होतं. आपल्याला कुणाच्या सांगण्यावरून शिक्षा झाली, हे जाणून घ्यायचा वाचकाला हक्क आहे, म्हणून माहिती देणाऱ्याचं नावही पत्रात घालायचं होतं. यंत्रानं नाडगौडा सरांच्या हातचं जुनं रजिस्टर वाचून काढलं होतं. तिथं नोंद होती : "वाचक क्र. ४१७ यांनी पाने कापल्याचे समजते. माहिती : सहायक." ४१७ म्हणजे तुषार. त्या महिन्याच्या हजेरीपटावर सहायक दोन होते. पडद्यावर दोन्ही नावं आली.

"१. सुदाम कुंभार (मयत). २. स्नेहल धुमाळ. योग्य नाव निवडा. सात दिवसांत निवड न झाल्यास पत्र नावाविना जाईल."

कुंभारकाका साधा माणूस. त्यांना मूलबाळ नव्हतं, मागं कुणी नव्हतं. त्यांच्या नावापुढं खूण केली असती तर या जगात कुणाचं काही बिघडणार नव्हतं. तुषारला न्याय मिळाला असता, आईला शिव्या द्यायला नवा मयत माणूस मिळाला असता, आणि दर भाऊबीजेला सकाळी सातला फोन येत राहिला असता. काहीच न करता सात दिवस बसून राहिलं तरी भागत होतं. आणि खरं नाव निवडलं तर तो फोन बंद होणार, यात तिला जराही शंका नव्हती. आप्पा गेले, लग्न तिनं केलं नाही, आईचं वय झालेलं. तुषार सोडला तर तिला तिचं म्हणावं असं माणूस उरत नव्हतं.

तीन दिवस तिनं काहीच केलं नाही. पुस्तकं आली, गेली. सुरैयाबाईंचा पुन्हा फोन आला. मास्तरांची मुलगी सापडली होती, नांदेडला असते. पत्र वाचून दाखवल्यावर ती फोनवर एवढंच म्हणाली, हे बाबांनी ऐकायला हवं होतं. "मला वाटलं होतं बाई खूश होईल," सुरैया म्हणाल्या. "उशिराचं खरं लई महाग पडतं बघा ताई."

चौथ्या दिवशी स्नेहलनं रजेचा अर्ज टाकला आणि बार्शीची एसटी धरली.

तुषारचं दुकान बाजार समितीच्या मागं होतं. तो स्टुलावर बसून मोटारीच्या खाचांत तांब्याची तार भरत होता. तिला पाहून हसला. "ताई, अशी न सांगता? आई बरी हाय ना?"

"आई बरी आहे. तू काम कर, मी सांगते."

तिनं पेटीपासून सुरुवात केली. एक्केचाळीस प्रती, सहा गावं, दहावा फर्मा. तुषार ऐकता ऐकता थांबला. हातातली तार त्यानं खाली ठेवली नाही, पण पुढं भरलीही नाही.

"म्हंजे ती पानं कधी नव्हतीच," तो म्हणाला.

"कधीच नव्हती."

"आप्पांना हे कळायला पायजे होतं." त्यानं डोळ्यांवरून मनगट फिरवलं. "बरं केलंस आलीस. फोनवर न्हाई सांगितलंस."

इथं थांबता आलं असतं. तुषारचा चेहरा इतका हलका तिनं कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. पण ती थांबली असती तर पुन्हा कधी बोलली नसती, आणि हे तिचं तिला पुरतं ठाऊक होतं.

"तुषार, तुझं नाव नाडगौडा सरांनी नाही सांगितलं. मी सांगितलं."

तो तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं तार सोडली आणि दुकानाच्या दारात जाऊन पाठमोरा उभा राहिला. ती ब्लेडचं, तपासणीचं, नोकरीच्या भीतीचं सगळं सांगत गेली, आणि सांगता सांगता तिला कळलं की यातलं काहीही पुरं पडत नाही. म्हणून मधेच गप्प झाली.

"पुस्तक तुझ्या हातात होतं त्या दिवशी," तो वळून म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "उघडून बघितलं होतंस?"

"पानांचे आकडे बघितले. एकशे चव्वेचाळीस, मग एकशे एकसष्ट."

"आकडे बघितलेस. मी पान वाचलं होतं. एकशे चव्वेचाळीसला वाक्य मधेच तुटतंय. एकशे एकसष्टला दुसरंच कुठलंतरी अर्धं वाक्य सुरू होतंय. ज्याला पानं चोरायचीत तो धडा चोरील ताई. अर्ध्या वाक्यापासनं अर्ध्या वाक्यापर्यंत कशाला चोरील? हेच मी आप्पांना सांगत होतो. तवर त्यांचा हात उठला होता." तो स्टुलावर येऊन बसला. "मला वाटलं, ताई आहे तिथं. पुस्तकातलं तिला कळतं. ती वाचून बघील."

स्नेहलला रडू आलं नाही. या खेपेला ते यावं असं तिला वाटतही नव्हतं. "मी वाचलं नाही," ती म्हणाली.

शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याच्या पोऱ्यानं दोन चहा आणून ठेवले, ते तसेच गार झाले. तुषारनं मोटारीकडं पाहिलं, भरलेली तार उलटी काढायला घेतली. वेढे किती झाले ते तो विसरला होता, आता पहिल्यापासून भरावी लागणार होती.

"पत्रात कुणाचं नाव घातलंस?" त्यानं विचारलं.

"अजून निवडलं नाही. तुला आधी कागदावरून कळू नये म्हणून आले. कुंभारकाकांचं टाकता आलं असतं."

"टाकलं का न्हाईस?"

"नाडगौडा सरांनी माझ्या वाटचे बोल सोसले. आता दुसऱ्या मेलेल्या माणसाच्या अंगावर कशाला टाकू?"

"निवड मग."

तिनं फोन काढला. त्याच्या समोर, त्याच्या दुकानात, स्वतःच्या नावापुढं खूण केली. पडद्यावर आलं, "पत्र आठव्या दिवशी वाचकाच्या मूळ पत्त्यावर पोचेल." मूळ पत्ता म्हणजे आंबेसावळी. म्हणजे आईच्या हातात. दोघांनीही ते वाचलं.

"मी जाते," स्नेहल उठली. "भाऊबीजेला तू फोन केला नाहीस तरी मला समजेल."

ती रस्त्यावर आली तेव्हा मागून शटर ओढल्याचा आवाज झाला. तुषार चावी खिशात टाकत तिच्या मागं आला आणि तिची पिशवी काढून घेतली. दोघं स्टँडकडं चालू लागले. 

"आठव्या दिवशी मी येतो घरी," तो म्हणाला.

ती थांबली. सोळा वर्षांत त्यानं त्या घराला 'घर' म्हटलं नव्हतं.

"माफ केलं असं समजू नको. मला लई राग आलाय तुझा, आणि तो कधी जाईल मला ठाऊक न्हाई."

"मग कशाला येतोस?"

"पत्र वाचलं की आई तुला दाराबाहेर काढील." त्यानं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "त्या दारातनं बाहेर पडणं कसलं असतंय, ते मला म्हाईत हाय. तवा मधे उभं राहायला कुणी नव्हतं."